पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर कोणता ब्लॉक चांगला? आधी दुखतं कुठे ते बघू

चोपड्याहून एका भाऊंनी विचारलंय. आई ५८ वर्षांची, शुगर दहा वर्षांपासून, वजन साठ किलोच्या आसपास. पित्ताशयात खडे आहेत, पुढच्या आठवड्यात जळगावला दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. भूलतज्ज्ञ म्हणाले, "पूर्ण भूल देऊच, शिवाय नंतर दुखू नये म्हणून ब्लॉक देऊ." भाऊंनी घरी येऊन शोधलं तर टॅप, ईएसपी, क्यूएल, पॅराव्हर्टिब्रल, एम-टॅपा अशी नावंच नावं समोर आली. यातल्या कोणत्याचा आग्रह धरायचा, असा त्यांचा प्रश्न. त्यातून मावशीचं हेच ऑपरेशन पूर्वी मोठा छेद घेऊन झालं होतं, ती आठवडाभर सरळ बसू शकली नव्हती, आणि आई ते मनात धरून बसली आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यातल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत बरीच वर्षं भूल देतो आहे आणि हे ब्लॉक रोजच्या कामात वापरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, "कोणता ब्लॉक सर्वांत चांगला" याला एका नावात उत्तर नाही. तुम्हाला खरं जाणून घ्यायचंय ते असं : आईला किती दुखेल, कुठे दुखेल, आणि त्यातलं किती कशाने कमी होईल. तिथून सुरुवात केली की ब्लॉकची निवड बरीच सोपी होते. ब्लॉक म्हणजे वेदना नेणाऱ्या नसांच्या वाटेवर बधिर करणारं औषध सोडणं. ज्या नसेच्या वाटेवर औषध गेलं तिचं दुखणं थांबतं, बाकीच्यांचं नाही.

आधी मावशीची गोष्ट बाजूला काढू, कारण तिचं ऑपरेशन वेगळं होतं. पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केलं. त्यानंतर शंभर वर्षं जगभर ते पोट उघडूनच होत राहिलं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांच्या हातून. आपल्याकडच्या तालुक्यांपर्यंत ते यायला आणखी काळ गेला. मावशीच्या वेळी उजव्या बरगडीखाली तिरका लांब छेद, पोटाचे स्नायू कापलेले. त्या जखमेवर दर श्वासाला ताण येतो. पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो. आईला मात्र चार लहान छेद असतील : एक बेंबीशी, एक छातीच्या हाडाखाली, आणि दोन बारीक उजव्या बरगडीच्या कडेखाली. दुखेल, पण मावशीसारखं नाही. हे आईला आजच सांगा. भीती घेऊन आलेल्या पेशंटला तेवढ्याच जखमेचं जास्त दुखतं, हे मी वारंवार पाहिलंय.

आता दुखतं कुठे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तीन वेगवेगळी दुखणी असतात आणि तिन्हींच्या नसा वेगळ्या.

पहिलं दुखणं पोटाच्या भिंतीचं, म्हणजे छेदांचं. ते टोचतं, बोट ठेवून दाखवता येतं, उठताना आणि खोकताना वाढतं. या भागाच्या नसा पाठीच्या मणक्यांतून निघून बरगड्यांच्या खालून पुढे पोटावर येतात. छातीच्या हाडाखालच्या छेदाला साधारण सहावी ते आठवी नस, बरगडीखालच्या छेदांना सातवी ते नववी, बेंबीला दहावी. खड्यांनी भरलेली पिशवी ज्या छेदातून बाहेर ओढतात तिथे सर्वांत जास्त दुखतं. काही सर्जन ती बेंबीतून काढतात, काही वरच्या छेदातून. हे मी ऑपरेशनआधीच विचारून घेतो, कारण औषध तिथे पोचायलाच हवं.

दुसरं आतलं. पित्ताशय यकृताला जिथे चिकटलेलं असतं तो भाग सोलवटलेला असतो. हे दुखणं मंद, खोल, नेमकं कुठे ते सांगता येत नाही आणि बरोबर मळमळ घेऊन येतं. त्याच्या नसा पोटाच्या भिंतीतून जातच नाहीत. मणक्याच्या बाजूने जाणाऱ्या सिम्पथेटिक नसा आणि व्हेगस नावाची नस हे काम करतात. म्हणून पोटाच्या भिंतीत दिलेला कुठलाही ब्लॉक या दुखण्याला हात लावू शकत नाही.

तिसरं खांद्याचं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने श्वासपटलाचा पडदा ताणला जातो, चिडतो. त्या पडद्याची नस मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्यातून येते आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही तिथूनच निघतात. मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. संध्याकाळच्या राऊंडला एखादी आजी हमखास सांगते, "पोटनं काही नही, पन खांदा दुखी ऱ्हायना." नातेवाईक घाबरतात, की टेबलावर हात वेडावाकडा ठेवला होता की काय. तसं काही नसतं. हे दुखणं काही तासांनी सुरू होतं, एक-दोन दिवसांत ओसरतं, आणि पोटावरचा वा पाठीवरचा कोणताही ब्लॉक त्याला पुरा पडत नाही. त्याचा उपाय सर्जनच्या हातात असतो : वायूचा दाब जमेल तितका कमी ठेवणं आणि शेवटी सगळा वायू नीट बाहेर काढणं. त्या वेळी मीही डोक्याकडची बाजू खाली करून फुप्फुसं काही वेळा हळूच पूर्ण फुगवतो, म्हणजे पडद्याखाली अडकलेला वायू छेदांतल्या नळ्यांमधून (पोर्ट) बाहेर पडतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण खांद्यासाठी कुठल्याही महागड्या सुईपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

हे तिन्ही समजले की एक गोष्ट आपोआप दिसते. ब्लॉक हा पाया नाही, तो वरचा मजला आहे. पाया म्हणजे साधी औषधं, ठरलेल्या वेळेला, न चुकता. पॅरासिटामॉल. किडनी आणि जठर ठीक असेल तर डायक्लोफेनॅक किंवा किटोरोलॅकसारखं सूज कमी करणारं औषध. भूल देताना डेक्सामेथासोनचा एक डोस, जो दुखणंही कमी करतो आणि उलटीही. आणि सर्जनने प्रत्येक छेदात सोडलेलं बधिरीचं औषध. युरोपातल्या भूलतज्ज्ञांचा आणि सर्जनचा प्रॉस्पेक्ट नावाचा गट आहे, तो एकेका ऑपरेशनचे अभ्यास गोळा करून वेदनाशमनाच्या शिफारशी देतो. दुर्बिणीच्या पित्ताशय ऑपरेशनसाठी त्यांच्याही शिफारशीत हीच औषधं आणि छेदातली बधिरी पुढे आहेत, ब्लॉक त्यांच्यामागे. माझा रोजचा अनुभवही तोच. पाया पक्का असलेल्या पेशंटला ब्लॉक नसला तरी चालून जातं. पाया नसलेल्या पेशंटला उत्तम ब्लॉक दिला तरी औषध उतरलं की रात्री बेल वाजतेच.

आईला शुगर आहे, म्हणून डेक्सामेथासोनबद्दल एक सांगतो. एका डोसने शुगर दुसऱ्या दिवसापर्यंत थोडी चढते. मी असा डोस कमी ठेवतो आणि शुगर तपासत राहतो, पण सहसा तो टाळत नाही. उलटीमुळे पेशंटचे जेवढे हाल होतात त्यापुढे ही चढलेली शुगर आवरता येण्यासारखी असते. तीन महिन्यांची सरासरी शुगर फारच वाईट असेल तर मात्र गणित बदलतं. आणि डायक्लोफेनॅक द्यायच्या आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहायलाच हवा. दहा वर्षांच्या शुगरमध्ये किडनी गुपचूप बिघडलेली असू शकते.

आता ब्लॉक. मी ज्याला जेवढं महत्त्व देतो तेवढंच त्याच्यावर लिहितो.

या ऑपरेशनला मी सर्वांत जास्त वापरतो तो सबकॉस्टल टॅप, म्हणजे बरगडीच्या कडेखालून पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये द्यायचा ब्लॉक. टॅप ब्लॉकची कल्पना २००१ मध्ये रफी यांनी मांडली. तेव्हा तो कमरेजवळ, हाताने जागा चाचपून द्यायचे. पुढे सोनोग्राफी आली आणि हेबर्ड यांनी बरगडीच्या कडेखालून द्यायची पद्धत दाखवली. हा फरक महत्त्वाचा आहे. कमरेजवळचा जुना टॅप बेंबीच्या खालच्या भागाला चांगला, सिझेरियनला, हर्नियाला. पित्ताशयाचे छेद बेंबीला आणि तिच्या वर असतात. "टॅप दिला होता तरी दुखलं" अशी तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न विचारतो, कुठला टॅप.

देताना काय होतं ते सांगतो, म्हणजे आईला समजावता येईल. ती गाढ भुलीत असते, उताणी. सोनोग्राफीचा प्रोब बरगडीच्या कडेला समांतर, थोडा तिरका ठेवला की मशिनच्या पडद्यावर पोटाचे स्नायू थरांमध्ये दिसतात : मधोमध रेक्टस, त्याच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला पातळ, गडद ट्रान्सव्हर्सस. दोघांच्या मध्ये एक पांढरी रेघ. नसा त्या रेघेतून जातात. सुई प्रोबच्या रेषेत आत नेतो, तिचं टोक सतत डोळ्यासमोर ठेवून. टोक रेघेवर आलं असं वाटलं की आधी औषध नाही, मिलीभर सलाईन सोडायचं. रेघ दुभंगून डोळ्याच्या आकाराची काळी फट उघडली, तर जागा बरोबर. फट न उघडता स्नायूच जाडसर, धूसर दिसायला लागला, तर टोक स्नायूत आहे. मागे घेऊन पुन्हा यायचं. मग मागे ओढून रक्त येत नाही ना बघत, थोडं थोडं औषध सोडत बरगडीच्या कडेने बाहेर सरकायचं. फट पुढे पुढे सरकताना दिसते. जेवढी फट पसरली तेवढ्या नसा बधिर होतील हे तिथेच कळतं. मग हेच दुसऱ्या बाजूला. डावीकडे कशाला, असं बरेच जण विचारतात. बेंबीचा आणि छातीखालचा छेद मध्यरेषेवर आहेत, तिथे दोन्ही बाजूंच्या नसा येऊन भेटतात. उजवी एकटी बधिर केली तर अर्धा छेद दुखतच राहतो.

याची उणीव दोन ठिकाणी. बेंबीची दहावी नस कधी सापडते, कधी निसटते, म्हणून बेंबीचा छेद सर्जनने वेगळा बधिर करावा असं मी सांगतो, किंवा तिथे रेक्टस स्नायूच्या आवरणात ब्लॉक (रेक्टस शीथ ब्लॉक) देतो. आणि आतलं दुखणं याने जात नाही. त्यासाठी काही सर्जन पित्ताशयाच्या जागी बधिरीचं औषध शिंपडतात, त्याचा थोडा उपयोग होतो.

ईएसपी हा त्यामानाने नवा. फोरेरो आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी तो २०१६ मध्ये मांडला, छातीच्या जुनाट दुखण्यासाठी. पाठीचा उभा स्नायू आणि मणक्याच्या बाजूचं आडवं हाड यांच्यामध्ये औषध सोडायचं. या ऑपरेशनला साधारण छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर. सुई हाडावर टेकते, पुढे जात नाही, म्हणून सुरक्षित वाटतो आणि शिकायलाही सोपा. त्याचं आकर्षण असं की औषध पुढे झिरपून मणक्याशेजारी नसांच्या मुळापर्यंत पोचलं तर भिंतीचंही दुखणं जातं आणि आतलंही. पण "पोचलं तर" हा शब्द खरा आहे. मृतदेहांवरच्या अभ्यासांत रंग कधी पुढे गेलेला दिसला, कधी मागच्या स्नायूतच राहिलेला. माझ्या टेबलावरही तसंच. एक पेशंट संध्याकाळी चहा मागतो, दुसऱ्याला तोच डोस देऊन पोटावर बर्फ लावला तर सगळं गार लागतं, म्हणजे बधिर झालेलंच नसतं. सबकॉस्टल टॅप इतका लहरी नाही. शिवाय ईएसपी दोन्ही बाजूंना द्यायचा तर पेशंटला बसवून किंवा कुशीवर करून द्यावा लागतो. भुलीआधी दिला तर पेशंट जागा असतो, भुलीनंतर दिला तर श्वासाची नळी सांभाळत वळवायला चार हात लागतात.

तरीही किडनी खराब असल्यामुळे डायक्लोफेनॅक देता येत नसेल, किंवा पेशंट आधीपासूनच दुखण्याच्या गोळ्यांवर असेल, तर मी ईएसपीकडे वळतो. तिथे पाया अर्धा गळालेला असतो आणि आतलं दुखणं कमी होण्याची शक्यताही सोडायची नसते.

क्यूएल ब्लॉक कमरेच्या खोल स्नायूभोवतीचा, २००७ मध्ये ब्लँको यांनी मांडलेला. त्याच्या काही पद्धतींत औषध वर छातीकडे सरकतं आणि चांगला परिणाम मिळतो. पण पुढच्या बाजूने दिला तर मांडीच्या नसेपर्यंत औषध जाऊन पाय लटपटू शकतो. शुगरची ५८ वर्षांची बाई रात्री दोन वाजता लघवीला उठणार, पायात बळ कमी, आणि पडली तर? एवढ्या एका कारणासाठी आईसारख्या पेशंटला या ऑपरेशनसाठी मी तो निवडत नाही.

पॅराव्हर्टिब्रल जुना आणि ताकदवान आहे. नसांच्या मुळाशीच जातो, भिंत आणि आतलं दोन्ही घेतो. पण फुप्फुसाचं आवरण सुईपासून अगदी जवळ असतं. चार बारीक छेदांसाठी दोन्ही बाजूंना तो धोका पत्करणं मला पटत नाही. एम-टॅपा (टॅपचाच एक प्रकार, २०१९) आणि बाहेरच्या तिरक्या स्नायूखालचा ब्लॉक (२०२१) हे अगदी नवे. पहिल्याचे सुरुवातीचे अहवाल फार आशादायक होते, पण बधिर होणारा भाग दरवेळी तेवढा मोठा असतोच असं नाही. दुसरा मात्र जाड पेशंटमध्ये मला उपयोगी वाटतो, कारण बरगडीवर चरबी कमी असते आणि पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतं.

मग अभ्यास काय म्हणतात? ईएसपी विरुद्ध टॅप, क्यूएल विरुद्ध टॅप अशा तुलना भरपूर झाल्या आहेत. ब्लॉक दिलेल्यांना पहिल्या दिवसात अफूवर्गीय औषध कमी लागतं, हे बहुतेकांत दिसतं. ब्लॉकांची आपसांत तुलना केली की कधी ईएसपी थोडा पुढे असतो. पण तो फरक आकड्यात दिसतो, पेशंटला जाणवेल इतका क्वचित असतो. अनेक अभ्यासांत तर ज्या गटाला ब्लॉक दिला नाही त्याला छेदातली बधिरी किंवा पूर्ण साधी औषधंही दिलेली नसतात. पाया काढून घेतला की कोणताही ब्लॉक चमकणारच. म्हणून एखाद्या लेखात "हा ब्लॉक श्रेष्ठ" असं वाचलं तर तो कशापेक्षा श्रेष्ठ ठरला, ते आधी बघा.

इथवरचं थोडक्यात : आईचं ऑपरेशन दुर्बिणीनेच झालं आणि किडनी ठीक असेल, तर मी साधी औषधं, छेदातली बधिरी आणि दोन्ही बाजूंना सबकॉस्टल टॅप हे निवडेन. किडनी साथ देत नसेल तर ईएसपीचा विचार. तुमच्या भूलतज्ज्ञांचा हात ईएसपीवर बसलेला असेल आणि ते तोच देणार असतील, तर त्यांना टॅपचा आग्रह करू नका. ज्या हाताने जो ब्लॉक रोज दिला जातो, त्या हातून तोच सर्वांत चांगला लागतो.

पण काही परिस्थितींत माझं मत पूर्ण बदलतं.

पित्ताशय फार सुजलेलं, चिकटलेलं असेल तर दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण करावं लागतं. हा सर्जनचा पराभव नाही, पेशंटच्या सुरक्षेचा निर्णय आहे. पण मग दुखणं मावशीसारखं होतं, आणि तिथे ब्लॉक ही चैन राहत नाही, गरज होते. छेद उजव्या बाजूलाच असल्याने उजवा पॅराव्हर्टिब्रल किंवा ईएसपी, शक्य असेल तर बारीक नळी ठेवून, म्हणजे दोन-तीन दिवस औषध चालू ठेवता येतं. काही जण एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यात बारीक नळी ठेवून दिलेली बधिरी, निवडतात. पोट उघडावं लागलं तर दुखण्यासाठी काय कराल, हा प्रश्न ऑपरेशनआधी विचारण्यासारखा आहे. त्याचं उत्तर तयार असेल तर तुमचे भूलतज्ज्ञ पुढचा विचार करणारे आहेत.

दुसरी परिस्थिती सातपुड्याची. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ या भागातल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात तांबड्या पेशी सतत फुटतात, त्यातून काळे खडे बनतात, म्हणून विशी-पंचविशीतली मुलं पित्ताशयाच्या ऑपरेशनला येतात. त्यांना दुखण्याने श्वास उथळ झाला, अंग गार पडलं, पाणी कमी पडलं तर पेशी अडकून छातीचा गंभीर त्रास होऊ शकतो. लहानपणापासून दुखण्याची औषधं घेतल्याने त्यांना नेहमीचे डोस पुरतही नाहीत. अशा पेशंटला मी ब्लॉक दिल्याशिवाय राहत नाही, आणि पहिल्या रात्री ते खोल श्वास घेत आहेत का हे स्वतः बघतो. तुमच्या आईचा हा प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असेल तर सिकलसेलची तपासणी झालीय का हे भूलतज्ज्ञांना जरूर सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोलवरचे ब्लॉक, म्हणजे पॅराव्हर्टिब्रल आणि पुढचा क्यूएल, टाळावे लागतात, कारण आत रक्त साठलं तर दाबून थांबवता येत नाही. पोटाच्या भिंतीतले वरवरचे ब्लॉक तिथे तुलनेने सुरक्षित. आईच्या गोळ्यांची यादी, किंवा सगळी पाकिटंच, पिशवीत घालून घेऊन जा.

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. सोनोग्राफीचं प्रत्येक मशिन गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवलेलं असावं लागतं. भूलतज्ज्ञाला ते गाडीत घालून आज अमळनेर, उद्या शिरपूर असं फिरवता येत नाही. कायद्यामागचं कारण अगदी योग्य आहे, पण त्यामुळे लहान हॉस्पिटलात ब्लॉकसाठी मशिन नसतं. अशा ठिकाणी सर्जन दुर्बिणीतून आतून पाहत टॅप देऊ शकतात : सुई बरोबर थरात असेल तर आतून पोटाची भिंत गुळगुळीत फुगलेली दिसते. तेही नसेल तर छेदातली बधिरी मन लावून दिलेली पुरते. मशिन नाही म्हणून हॉस्पिटल बदलायची गरज नाही.

आता डोसाची गोष्ट, कारण माझ्या मते ब्लॉकच्या नावापेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे. बुपीवाकेन या बधिरीच्या औषधाची ०.५ टक्क्याची २० मिलीची एक वायल म्हणजे १०० मिलिग्रॅम. मी किलोला २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. आईचं वजन साठ धरलं तर मर्यादा १२० मिलिग्रॅम. एक वायल तेवढंच सलाईन घालून पातळ केली की ०.२५ टक्क्याचं ४० मिली होतं, दोन्ही बाजूंना वीस-वीस. यातच १०० मिलिग्रॅम संपले. सर्जनच्या वाट्याला उरले २० मिलिग्रॅम, म्हणजे तेच पातळ औषध ८ मिली, तेवढं बेंबीच्या छेदाला पुरतं. पण हे बोलून ठरलेलं नसेल आणि सर्जनने सवयीने दुसरी वायल छेदांमध्ये रिकामी केली, तर २०० मिलिग्रॅम होतात. डोस जास्त झाला की जीभ बधिर होते, कानात आवाज येतो, पण भुलीत असलेला पेशंट हे सांगू शकत नाही. पहिली खूण थेट हृदयाच्या ठोक्यांत दिसते. म्हणून सुई उचलायच्या आधी मी फळ्यावर एकूण मिलिग्रॅम लिहितो, सर्जनचे धरून, आणि सिस्टरला मोठ्याने वाचायला सांगतो. चुकून औषध रक्तात जास्त गेलंच तर २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) लागतं, सुरुवातीला किलोला दीड मिली, म्हणजे आईसाठी ९० मिली. ते थिएटरमध्येच हवं, गावातल्या मेडिकलमध्ये नव्हे.

तर भेटायला जाल तेव्हा भूलतज्ज्ञांना ब्लॉकचं नाव विचारण्याऐवजी हे विचारा : ब्लॉक आणि छेदातली बधिरी मिळून एकूण डोस कोण मोजणार? ब्लॉक उतरल्यावर काय देणार? खांद्यासाठी काय करता? या प्रश्नांचा कोणत्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

पहिल्या रात्रीचं तुमच्या हातात आहे. ब्लॉकचा परिणाम साधारण आठ ते बारा तास टिकतो, कधी कमी, कधी जास्त. सकाळी दहाला ऑपरेशन झालं तर रात्री दहापर्यंत तो उतरायला लागतो, नेमका सगळे झोपतात तेव्हा. म्हणून "दुखायला लागलं की गोळी मागू" असं करू नका. पॅरासिटामॉल वेळेवर, दुखत नसलं तरी. संध्याकाळी आईला बसवा, मग धरून चार पावलं चालवा; खांद्याचंही त्याने हलकं होतं. दुखतं का हे पडून असताना विचारू नका, उशी पोटाला धरून खोकायला सांगा आणि मग विचारा. खोकता येतंय, खोल श्वास घेता येतोय, म्हणजे उपाय पुरेसा आहे. थोडं दुखणं राहीलच.

या ऑपरेशननंतरचं दुखणं दर दिवसाला कमी होत जायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते उलट वाढायला लागलं, पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर आत पित्त गळत असू शकतं. आणि खांद्याच्या दुखण्याबरोबर घाम, धाप किंवा छातीत दाबल्यासारखं वाटलं तर ते वायूचं समजू नका. शुगरच्या पेशंटमध्ये हृदयाचा झटका असाही येतो. अशा वेळी गोळी वाढवून सकाळची वाट पाहू नका. पोटाचं असेल तर त्याच क्षणी सर्जनना फोन करा, आणि छातीचं वाटलं तर फोनची वाट न बघता आईला घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.